उरलेला डोळा

पंगतीत वाढता वाढता धुरपता नवऱ्यासमोर आली आणि थांबली. लटारूच्या पत्रावळीवर भाताचा तिसरा ढीग होता, त्यावर वरणाचा खळगा, आणि कडेला बुंदीचे दोन लाडू. त्यातला एक त्याने आधीच फोडला होता.

तिने वरणाची बादली खाली ठेवली, वाकली आणि अख्खी पत्रावळ उचलली.

“अवो, हे काय करून राह्यली?” लटारूचा हात हवेतच राहिला.

“दोनदा झाला भात. आता उठा.”

“पंगत उठली नाई अजून.”

“पंगतीले साखरेची बिमारी नाई. तुमाले हाय.”

आजूबाजूची माणसं जेवायची थांबली. मग पलीकडच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “नवरीच्या मामाले आज उपास दिसते जी!” आणि सगळी पंगत हसली. लटारू हळूहळू उठला. डोक्यावरचा पटका सारखा करून तो मांडवाबाहेर गेला आणि हात न धुताच कडुनिंबाखाली जाऊन बसला.

लग्न नागभीडला होतं, त्याच्या धाकट्या बहिणीच्या, रुखमाच्या मुलीचं. सन पंचावन्नचा वैशाख. नवरीच्या अंगावरचा कोशाच्या रेशमाचा शालू लटारूने स्वतः दोन महिने मागावर बसून विणला होता. आरमोरीच्या कोष्टीपुऱ्यात त्याच्यासारखा काठ कोणी काढत नसे, हे मांडवातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. आणि त्याच मांडवात बायकोने त्याच्या पुढची पत्रावळ उचलली होती.

त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपता बोचकं बांधून निघाली तेव्हा तो ओसरीवरून उठलाच नाही.

“तू जाय. मी इथीच राह्यतो काही दिस.”

“अन् माग?”

“माग काई पळून जात नाई. इथी मले पोटभर जेवाले तं भेटते.”

धुरपताने बोचक्यातून पितळेचा डबा काढला. त्यात काचेची पिचकारी, दोन सुया आणि औषधाची बाटली होती. तो डबा तिने रुखमापुढे धरला. “बाई, सकारी एक अन् संध्याकारी एक. मी दाखवून देते.”

रुखमा दोन पावलं मागे सरली. “नाई वो वयनी. मले तं सुई पाहूनच गरगरते.” आणि मग, जे दोन दिवस तिच्या तोंडात होतं ते आलंच, “दादाले तुमी असं उपाशी ठेवता, मंग तब्येत कशी सुधरन? काटा झाला मानूस.”

“डब्बा ने तुहा,” लटारू ओसरीवरून म्हणाला. “मले नाई पाह्यजे. तीन वर्स झाले, चाळनी करून टाकली अंगाची.”

धुरपताने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, हा डबा इथेच, या ओसरीच्या दगडावर आपटावा. आपटला नाही. पण ठेवलाही नाही. तिने तो बोचक्यात परत कोंबला, गाठ मारली आणि स्टेशनची वाट धरली.

तीन वर्षांपूर्वी लटारूच्या पायाच्या अंगठ्याला मागाच्या फणीचा तुकडा लागला होता. जखम एवढीशी, पण अडीच महिने भरली नाही. हळद झाली, पाला बांधून झाला, तेव्हा कुठे तो सरकारी दवाखान्यात गेला. तिथल्या इंदुताई नर्सने जखम धुतली, नाक मुरडलं आणि विचारलं, “लघवीला रात्रीतून किती वेळा उठता?” लटारू लाजला. धुरपताने सांगितलं, “चार येळा. अन् मोरीत मुंग्याच मुंग्या.”

इंदुताईंनी एका काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी भाजलेल्या विटेसारखा लाल साका खाली बसला.

“साखरेचा आजार आहे,” इंदुताई म्हणाल्या.

“आमाले?” लटारू हसलाच. “बाई, ते तं शेठलोकाची बिमारी. तूपपोई खानाऱ्याची. आमच्या घरी साखर पोळ्याले येते.”

सगळ्या कोष्टीपुऱ्याने हेच म्हटलं. मागावर दिवसभर पायाने पावडी मारणाऱ्या, पाठीला पोट लागलेल्या माणसाला शेठाचा आजार कसा होईल? नर्सबाई चुकल्या असतील. नळी दुसऱ्याची असेल. आणि त्यावरची शिक्षा तर अशी की ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा: भात कमी करा. धानाच्या मुलखात! सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात आणि शिळा उरला तर पेज. “भात नाई खाचा तं काय ताना-बाना खाऊ?” लटारूने दवाखान्यातच विचारलं होतं. इंदुताई म्हणाल्या, एका वेळी एक वाटी. आणि ज्वारीची भाकर. धुरपताने घरातली सगळ्यात मोठी वाटी नेऊन दाखवली. इंदुताईंनी ती परत दिली आणि दवाखान्यातली लहान वाटी हातात ठेवली.

रोज दोनदा इन्शुलिनची सुई देणंही धुरपतालाच शिकावं लागलं. दवाखाना सकाळी उशिरा उघडे आणि संध्याकाळी लवकर बंद होई. तिला अक्षर येत नव्हतं, पण पिचकारीवरच्या रेघा तिने सुताच्या पेळूसारख्या मोजून पाठ केल्या. आधी पंधरा दिवस परसातल्या पपईला सुया टोचल्या. लटारू बाजेवर बसून विचारायचा, “कशी हाय पपईची तब्येत?” औषधाला गारवा हवा. बर्फ आरमोरीत कुठला? मागाचा खड्डा, ज्यात पाय सोडून विणकर बसतो, तो बारा महिने थंड आणि ओलसर असे. धुरपताने त्याच्या कोपऱ्यात ओल्या रेतीचं मडकं पुरलं आणि बाटली त्यात ठेवली. निळ्या औषधाची नळीही इंदुताईंनी तिच्या हवाली केली. रंग ओळखायला तिला कोणी शिकवावं लागलं नाही. आयुष्य कोशाचा धागा काढण्यात आणि रंगवण्यात गेलं होतं. पोपटी आला की ती गप्प राही. हळदी आला की भांडी आपटी. विटकरी आला की लटारूच माग सोडून नदीकडे फिरायला जाई.

जखम भरली. तेव्हापासून इंदुताईंचा एकच धोशा होता: चांद्याला जा, डोळे दाखवा.

“डोरे बरे हायेत,” लटारू म्हणे. “जवरचं जरा पुसट दिसते, तं बाजारातून चष्मा घेतला ना मी.”

“चष्म्याचं नाही हे. ही साखर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उतरते. तिथल्या नसा तुमच्या धाग्याहून बारीक. त्या खराब होतात आणि माणसाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. दिसतंय तोवर दाखवायचं असतं.”

चारदा जायचं ठरलं. एकदा मागावर नवा ताणा चढला होता, एकदा पोळा आला, एकदा वडशाचा रस्ता चिखलाने बंद झाला, आणि चौथ्यांदा लटारू सकाळी उठून म्हणाला, “बऱ्या मानसानं डाक्टरकडे जाऊन काय सांगाचं? बरा हावो म्हनून?”

नागभीडहून एकटी परतलेली धुरपता पाच आठवडे रोज त्याच्याशी भांडली. घरात तो नव्हता, त्यामुळे भांडण सोपं होतं. कोश उकळताना, मांडीवर धागा ओढताना, चुलीपुढे, ती मोठ्याने बोले. शेजारची मनकर्णा भिंतीपलीकडून विचारी, “आले का भाऊ?” आणि ही म्हणे, “नाई. बोलून राह्यली नुसती.”

एक दिवस इंदुताई दारात आल्या. “लटारूभाऊ दिसले नाहीत. औषधाची बाटली न्यायलाही कोणी आलं नाही.”

“बहिनीकडे हायेत. भात खाऊन राह्यले.”

“आणि सुई?”

धुरपताने खांद्याने मागाच्या खड्ड्याकडे खूण केली.

इंदुताई सहसा आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. “सुई इथं, माणूस तिथं. आणि तुम्हा दोघांचं डोकं कुठं आहे? पाच आठवडे! तो माणूस रागावला, ठीक. तुम्ही डबा घेऊन कशा आलात?”

“त्यायनंच म्हटलं ने म्हनून.”

“ते तर भात वाढ म्हणूनही म्हणतात. ते ऐकता का?”

दुसऱ्या दिवशी धुरपताने डबा घेतला, बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली आणि वडशाहून छोटी रेल्वेगाडी पकडली. सगळ्या वाटेभर तिने काय बोलायचं ते जुळवलं होतं. त्यातलं काहीच बोलायला मिळालं नाही.

लटारू रुखमाच्या अंगणात बाजेवर बसला होता. एका हाताने तो उजवा डोळा झाके, समोर पाही, मग हात काढी. परत झाके.

“काय करून राह्यले हे?”

त्याने मान वळवली. “आलीस? पाय बरं, ह्या डाव्या डोऱ्यात काय पडलं तं. तीन दिस झाले, धुतो धुतो, निंगतच नाई.”

तिने पापणी वर करून पाहिली. डोळा बाहेरून स्वच्छ होता, नेहमीसारखाच.

“काय दिसते?”

“पह्यले कारे धागे लोंबले. वाटलं, झाडावरचं जारं असन. मंग सारं लाल. पान्यात रंग सोडल्यासारखं. आता तं धुकंच धुकं.” आणि थोडं थांबून, “दुखत नाई बरं.”

रुखमाने त्यात एरंडाचं तेल घातलं होतं, मध घातला होता, शेजारच्या ओल्या बाळंतिणीचं दूध घातलं होतं.

“तीन दिस!” धुरपता ओरडली. “तीन दिस झाले अन् कोनाले सांगतलं नाई?”

“कोनाले सांगू? तू होतीस का इथी?”

रुखमा पदराने डोळे पुसत आत गेली आणि पहिल्यांदाच जेवणाचा आग्रह न करता भाकरी बांधून घेऊन आली.

चांद्याला डॉ. गंपावारांचा दवाखाना किल्ल्याच्या भिंतीजवळ होता. बाहेर बाकावर पंचवीस माणसं आणि त्यांतल्या वीस जणांच्या तोंडी मोतीबिंदू. धुरपतानेही आत जाताच तेच म्हटलं, “डाक्टरसायेब, मोती काढून द्या यायचा.”

डॉक्टर पन्नाशीचे, बुटके, सतत घाईत असलेले. त्यांनी लटारूच्या दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, तासभर बसवून ठेवलं आणि मग काळा पडदा लावलेल्या खोलीत नेलं. धुरपता दाराशी उभी राहिली. डॉक्टरांनी हातात एक लहान दिवा असलेलं यंत्र घेतलं आणि ते इतके पुढे वाकले की त्यांचं नाक लटारूच्या गालाला लागलं. “वर पाहा. खाली. माझ्या कानाकडे पाहा. कान सांगितला, खांदा नाही.” बराच वेळ गेला. लटारूच्या डोळ्यातून पाणी गळत होतं.

बाहेर येऊन डॉक्टरांनी हात धुतले. “साखर किती वर्षांपासून?”

“तीन वर्सापासून.”

“कळून तीन वर्षं. आहे दहा तरी. डोळे याआधी कोणाला दाखवले?”

लटारू म्हणाला, “बाजारात. चष्मेवाल्याले.”

डॉक्टरांनी टॉवेल खुंटीवर फेकला. “हे बघा! एक डोळा घालवून येता आणि म्हणता डोळे दाखवायला आलो. सकाळपासून तुम्ही दुसरे आहात. काल तिघे होते. अरे, दिसत असताना या ना एकदा!”

“मंग मोती…” धुरपता म्हणाली.

“मोतीबिंदू असता तर उद्या काढला असता, बाई. हा मागच्या पडद्याचा रोग आहे. तिथं माझी सुरी पोचत नाही.” त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर एक वर्तुळ काढलं, त्यात फांद्यांसारख्या नसा, आणि लाल पेन्सिलीने ठिपके. “साखरेनं या नसा कुजतात. हे फुगे. हे झिरपलेलं रक्त. डाव्या डोळ्यात एक नस फुटली आणि आतलं सगळं रक्ताने भरलं. थोडं निवळेल, पूर्ण निवळेल असं मी म्हणत नाही.”

“अन् उजवा?”

“उजव्यातही ठिपके आहेत. पण मधली जागा, जिनं आपण बारीक पाहतो, ती अजून कोरी आहे. ती कोरी राहिली पाहिजे.”

“औषध लिहून द्या मंग.”

“औषध तुमच्याकडेच आहे. सुई. आणि जेवणाची वाटी. यापलीकडे आज माझ्याकडे काही नाही, आणि कोणी काही थेंब विकत असेल तर त्याला दारात उभं करू नका. तीन महिने माग बंद. ओझं उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही, उशाला उंच घेऊन झोपायचं. दर सहा महिन्यांनी मला दाखवायचं. दिसत असलं तरी.”

लटारूला कंपाउंडर बाहेर घेऊन गेला. धुरपता टेबलाशी थांबली. तिला जे विचारायचं होतं ते नीट येईना.

“डाक्टरसायेब, मी लग्नात यायचा भात उचलला. पंगतीतून. म्हनून हे रागावले, अन् पाच हप्ते सुई नाई झाली. डब्बा मीच घेऊन गेली वापस.”

डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “भिंत पडते त्या दिवशी पाऊस असतो, म्हणून आपण पावसाला नाव ठेवतो. वाळवी आधीची असते. पाच आठवड्यांत डोळा असा होत नाही.” मग कागद तिच्याकडे सरकवत म्हणाले, “पण सुई थांबायला नको होती, हेही खरं.”

तिने कागदाची घडी करून कमरेला खोचली. यातलं कुठलं वाक्य घरी न्यायचं, ते तिला कळेना. पुढे कितीतरी दिवस भाकरी थापताना तिला कधी पहिलं आठवे आणि कधी दुसरं.

बाहेर लटारू भिंतीला धरून उभा होता. थेंबांनी त्याच्या उजव्या डोळ्याची बाहुली एवढी मोठी झाली होती की ऊन सोसत नव्हतं आणि जवळचं काही दिसत नव्हतं.

“चोर हाय तुहा डाक्टर!” तो ओरडला. “एका डोऱ्यानं दिसत होतं, तेबी घेतलं!”

“उद्यापर्यंत दिसन म्हनते कंपौंडर.”

“म्हनते! तुले सारेच म्हनतात, अन् तू आयकतेस. इंदुताई म्हनते, डाक्टर म्हनते. मी म्हनतो ते कोन आयकते?”

“हात द्या.”

“कायले?”

“समोर नाली हाय.”

त्याने हात दिला. पंचवीस वर्षांच्या संसारात भर रस्त्यात त्याने तिचा हात कधी धरला नव्हता. चांदा फोर्टच्या स्टेशनापर्यंत तो तिच्या हाताला लोंबकळत, डॉक्टरला, रेल्वेला आणि उन्हाला शिव्या देत चालला. गाडीत जागा मिळाल्यावरही त्याने हात सोडला नाही, फक्त शिव्या थोड्या कमी केल्या.

ते तीन महिने धुरपताला तीन वर्षांसारखे गेले. रिकामा बसलेला विणकर म्हणजे घरातला पाहुणा, तोही रागीट. मनकर्णाचा नवरा मागावर बसून अर्धवट राहिलेलं कापड पुरं करायला आला, तर हा भिंतीला टेकून नुसत्या आवाजावरून चुका काढी. “पावडी जोरानं नको मारू. धोटा अटकला. आता धागा तुटन.” आणि धागा तुटे. चौथ्या दिवशी तो येईनासा झाला.

पण खरा वैताग वेगळाच होता. लटारू घाबरला होता. तो तसं म्हणाला नाही, पण सकाळी उठल्यावर डावा डोळा झाकून आधी छपराचे वासे मोजताना धुरपताने त्याला पाहिलं होतं. आणि घाबरला तो असा की ज्याला वाटीभर भात पुरत नव्हता, तो आता तेवढाही खाईना.

“खा. सुई झाली हाय.”

“नाई पाह्यजे.”

“इंदुताईनं सांगतलं, सुई झाली की जेवाचंच.”

“खाल्लं तरी शिव्या, नाई खाल्लं तरी शिव्या! मानसानं कराचं तरी काय?”

एका दुपारी ती नदीवरून धुणं घेऊन आली तेव्हा तो ओसरीवर घामाने निथळत बसला होता. हात थरथरत होते. तिने हाक मारली तर भलतंच बोलू लागला. कुठल्याशा व्यापाऱ्याला काठाचा भाव सांगत होता. भाताची वाटी शेजारी जशीच्या तशी, वर माशा. सुई घेऊन जेवलं नाही तर साखर एकदम उतरते, हे इंदुताईंनी सांगून ठेवलं होतं. ती आत धावली. गूळ तिने स्वतःच उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात लपवला होता. आता वरची पाच मडकी उतरवताना त्यातली दोन फुटली. तिने मूठभर गूळ पाण्यात कुस्करला आणि त्याची मान धरून घोट घोट पाजला. “गिरा! गिरा म्हनते ना!” तीन वर्षं ज्या हाताने त्याच्या तोंडचा गूळ काढून घेतला, त्याच हाताने ती तो कोंबत होती, आणि रडत होती, आणि शिव्या देत होती.

थोड्या वेळाने त्याची नजर ठिकाणावर आली. ओठ चाटून तो म्हणाला, “गूर हाय का हा?”

“हाय.”

“मंग घरात होता तं!”

धुरपता मटकन खाली बसली. हसावं की त्याच्या डोक्यात उरलेलं मडकं घालावं, हे तिला ठरवता येईना.

त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली. सुई, तासाभरात वाटी. सुई, वाटी. डाव्या डोळ्यातलं रक्त थोडं निवळलं, पुन्हा भरलं, आणि वर्षभराने त्या डोळ्याला फक्त उजेड आणि सावली तेवढी कळू लागली. लटारू मागावर बसू लागला तो आधी जाड पंच्यांसाठी. एका डोळ्याने धाग्याचं अंतर कळत नसे. आडवा धागा नेणारा धोटा हातातून निसटे, त्यातली धाग्याची कांडी भरताना बोट चुके. तो चिडे, उठे, अंगणात जाई, परत येऊन बसे. दोन वर्षांनी त्याने पुन्हा काठ धरला.

दर सहा महिन्यांनी चांदा. छोटी गाडी, बाक, थेंब, अंधारी खोली. डॉक्टर यंत्र खाली ठेवत आणि म्हणत, “जसा होता तसाच आहे.”

“इतक्या दूर येऊन तसाच?” लटारू एकदा वैतागून म्हणाला. “काई सुधारला नाई?”

“लटारूभाऊ,” डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, “या खोलीत याच्याहून चांगली बातमी मी कोणाला दिलेली नाही.”

सन अठ्ठावन्नच्या कार्तिकातली गोष्ट. गुरुवार, आरमोरीचा बाजार. नागपूरचा व्यापारी कोशाचं लुगडं न्यायला दुपारी येणार होता आणि लुगडं दोन वितींनी अपुरं होतं. लटारू पहाटेपासून मागावर होता. धुरपता दारात कांड्या भरत होती. खटखट चालू होती. अचानक थांबली.

तिने वर पाहिलं. लटारू कापडावर वाकला होता. मान तिरपी करून, उजवा डोळा अगदी काठाजवळ नेऊन. मग त्याने गुंडाळलेलं कापड थोडं उलगडलं, बोट फिरवलं आणि आडवा बाणा उसवायला सुरुवात केली.

“काय झालं?”

“काठात एक धागा उलटा गेला.”

ती उठून आली. त्याच्या बोटाजवळ वाकून पाहिलं. खिडकीकडे कापड तिरपं करून पाहिलं. तिला सगळा काठ सारखाच, पिवळसर, पाण्यासारखा वाहता दिसत होता.

“कुठी?”

“हा काय.”

“चार बोटं मांगं हाय ते! तेवढं सारं उसवान? यापारी दुपारी येऊन राह्यला. अन् कोनाले दिसते ते?”

“मले दिसते,” लटारू म्हणाला.

त्याने मान वर केली नाही. दोन बोटांच्या नखांत तो एकेक धागा धरून हलकेच ओढत होता, कोशाचा धागा तुटू नये म्हणून श्वास रोखून. धुरपताने दारातली टोपली पायाने जवळ ओढली, मागाशेजारी खाली बसली, आणि तो सोडेल तो धागा रिकाम्या कांडीवर गुंडाळू लागली.